बाई, मी कितवी आलो?

यंदाच्या २६ जानेवारीला बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका लहान गावच्या मराठी शाळेत बक्षिसे द्यायला मला बोलावले होते. झेंडावंदन झाले, कवायत झाली, बुंदीच्या पुड्या वाटून झाल्या आणि मग तांबड्या मातीवर फक्कीने आखलेल्या पट्ट्यांमध्ये मुलींची १०० मीटरची शर्यत लागली. सात मुली उभ्या राहिल्या. त्यांतल्या एकीचा, सहावीतल्या मुलीचा, उजवा पाय जन्मापासून आखूड आणि पाऊल आत वळलेले. शिट्टी झाली तशा सगळ्या सुटल्या आणि ती कमरेपासून अख्खे अंग एका बाजूला टाकत, ओढून सरळ करत, पुन्हा टाकत धावू लागली. पहिल्या तिघी पोहोचल्या, त्यांची नावे टिपून झाली आणि सगळ्या मैदानाने तिच्यासाठी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मीही वाजवल्या. ती रेषेपाशी पोहोचते न पोहोचते तोच ध्वनिक्षेपकावरून तिच्या जिद्दीचे कौतुक झाले आणि तिला उत्तेजनार्थ बक्षीस जाहीर झाले. स्टीलचा डबा होता. तो मी तिच्या हातात दिला, डोक्यावरून हात फिरवला, फोटो काढून झाला, तरी ती हलेना. धाप अजून पुरती बसली नव्हती आणि कपाळावरच्या घामात लाल धूळ चिकटली होती. तिने विचारले, "बाई, मी कितवी आलो?"

आमच्याकडे मुलीही 'आलो'च म्हणतात. लहानपणी मीही तसेच बोलत होते, त्यामुळे प्रश्न थेट आत गेला. मी म्हणाले, "खूप छान धावलीस गं." ती म्हणाली, "ते नव्हे. कितवी? माझ्या मागं एक होती."

तिच्या मागे कोणी धावत होते, हे मैदानावरच्या आम्हा दीडशे माणसांपैकी एकानेही पाहिले नव्हते.

बेळगावला परतताना बसच्या खिडकीतून मोहोरलेले काजू मागे पडत होते आणि मला तो एकच शब्द सतावत होता. उत्तेजनार्थ. वक्तृत्व स्पर्धेत या शब्दाला निदान एक जागा असते. तिसऱ्याच्या खाली, पण यादीत. त्या मैदानावर मात्र या शब्दाने त्या मुलीला यादीतून अलगद उचलून बाहेर ठेवले होते. तिच्यासाठी टाळ्या सुरू झाल्या त्या क्षणी तिच्यापुरती शर्यत संपली होती, आणि ती बिचारी अजून धावत होती, मागचीला पुढे येऊ न देण्यासाठी जिवाच्या आकांताने धावत होती. एकतीस वर्षे मी शिकवले. त्या काळात किती मुलामुलींना मी असेच डबे, पेले आणि कंपासपेट्या दिल्या असतील आणि प्रत्येक वेळी आपण काही चांगले केले या समाधानाने घरी गेले असेन, हे आठवू लागले तेव्हा बस खानापूरच्या पुढे आली होती आणि माझे डोळे भरून आले होते.

माझे थोरले चुलते, ज्यांना आम्ही आबा म्हणायचो, मराठा लाईट इन्फंट्रीत होते. पलटणीत जाण्याआधी ते गावच्या तालमीतले नावाजलेले पैलवान होते. १९७१ च्या लढाईत सुरुंगावर पाय पडला आणि उजवा पाय गुडघ्याखाली गेला. पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रातून नवा पाय बसवून ते घरी आले. तो पाय रात्री काढून कॉटखाली ठेवत, आणि त्याच्या कातडी पट्ट्यांना येणारा घामाचा आणि तेलाचा वास मला आजही ओळखता येईल. त्यानंतर ते कधी आखाड्यात उतरले नाहीत. दर स्वातंत्र्यदिनाला आणि प्रजासत्ताक दिनाला मात्र गावाने त्यांचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, हार. ते मान लववून घेत, घरी येऊन शालीची घडी ट्रंकेत ठेवत, आणि त्या शालींपैकी एकही त्यांनी अंगावर घेतल्याचे मी पाहिले नाही. त्यांच्या पश्चात ट्रंक उघडली तेव्हा डांबराच्या गोळ्यांच्या वासात त्या सगळ्या तशाच होत्या.

पण यात्रेच्या कुस्त्यांना आबांचे रूप वेगळे असे. त्या दिवशी ते जोड लावायला बसत. मी आठ-नऊ वर्षांची, मुलींनी तिकडे फिरकायचे नाही अशा काळातली, पण आबांची काठी सांभाळण्याच्या निमित्ताने मला आखाड्याच्या कडेला जागा मिळे. हौद्यातली माती ताक, तेल, हळद आणि लिंबू घालून मऊ केलेली असे आणि तिच्यावर ऊन पडले की आंबूस वास सुटे. हलगी कडाडत असे. पोरे एकेक करून समोर येत. आबा मनगट दाबून पाहत, मानेवरून हात फिरवत, चुरगळलेला कान बघत, तालीम विचारत, यंदा किती कुस्त्या केल्या ते विचारत, आणि मग गर्दीतल्या दुसऱ्या एका पोराकडे बोट दाखवत. दोघांचे हात एकमेकांच्या हातात देत आणि वर उचलून लोकांना दाखवत. नारळावरच्या कुस्त्यांपासून शेवटच्या मोठ्या कुस्तीपर्यंत हेच. एकदा एका वजनदार पुढाऱ्याने आपल्या भाच्यासाठी सोपा गडी मागितला तेव्हा आबा एवढेच म्हणाले, "ह्यो त्येला उचलून टाकंल. त्यात बघायचं काय हाय?" आणि त्यांनी भाच्याला तोडीस तोड गडी दिला. आमच्या माणसांना हे कोणी वेगळे शिकवावे लागत नाही. बैलगाड्यांच्या शर्यतीतसुद्धा बैलाचे दात पाहून आदत, दुसा, चौसा असे गट पाडतात, कारण कोवळ्या खोंडाला जाणत्या बैलासमोर पळवण्यात कोणालाच गोडी नसते.

अपंगांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांविषयी मी गेल्या काही वर्षांत जे मिळेल ते वाचत आले आहे, आणि त्या साऱ्या इतिहासात मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे जोड लावण्याचे काम. त्याची सुरुवात झाली तीही सैनिकांपासूनच. दुसऱ्या महायुद्धात पाठीच्या कण्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात १९४४ च्या फेब्रुवारीत एक विभाग उघडला. त्याचे प्रमुख होते डॉ. लुडविग गुटमन, नाझींच्या जाचामुळे जर्मनी सोडून आलेले ज्यू मज्जातंतुतज्ज्ञ. तोवर अशा रुग्णांना अंथरुणावर पडू देत आणि शय्याव्रणांनी किंवा मूत्रमार्गाच्या संसर्गाने त्यांतले बहुतेक थोड्याच काळात मरत. गुटमन यांनी त्यांना दिवसरात्र दर दोन तासांनी कुशीवर वळवण्याची शिस्त लावली, मग उठवून बसवले, कामाला लावले आणि खेळायला लावले. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिम्पिकचे उद्घाटन झाले त्याच दिवशी, त्या रुग्णालयाच्या हिरवळीवर १६ जणांची तिरंदाजीची स्पर्धा झाली. त्यांत २ स्त्रिया होत्या. तिरंदाजी निवडण्यामागे खांदे आणि दंड बळकट व्हावेत हा वैद्यकीय हेतू होता. मला मात्र त्या निवडीत आणखी एक गोष्ट दिसते. बाण जिथे रुततो तिथले गुण मोजले जातात आणि सोडणारा उभा होता की बसलेला, हे लक्ष्याला ठाऊक नसते. पुढे १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये न्यूझीलंडच्या नेरोली फेअरहॉल यांनी व्हीलचेअरवर बसून उभ्या तिरंदाजांच्या बरोबरीने बाण सोडले, ते यामुळेच शक्य झाले. त्या १६ जणांना त्या संध्याकाळी आपण कितवे आलो हे नेमके माहीत असणार.

१९५२ साली नेदरलँड्सचे माजी सैनिक त्या स्पर्धेला आले आणि ती आंतरराष्ट्रीय झाली. १९६० साली ती ऑलिम्पिकपाठोपाठ रोमला भरली, २३ देशांचे सुमारे ४०० खेळाडू घेऊन. आज आपण पहिले पॅरालिम्पिक म्हणतो ते हेच. तिथली खेळाडूंची घरे खांबांवर उभारलेली होती आणि जिने चढवण्यासाठी इटालियन सैनिकांना खेळाडू खुर्चीसकट उचलावे लागत. हे वाचताना माझ्यासमोर आमच्या शाळांच्या जांभ्या दगडाच्या पायऱ्या आल्या. एका मुलाला त्याचे वडील रोज सकाळी पाठुंगळी घेऊन त्या पायऱ्या चढत आणि संध्याकाळी उतरत. त्या मुलाने सातवीनंतर शाळा सोडली. वडिलांची पाठ धरली होती.

मूक-बधिर खेळाडूंनी तर याच्याही आधी, १९२४ साली, पॅरिसला आपली स्वतंत्र जागतिक स्पर्धा भरवली होती आणि आजही त्यांनी ती वेगळीच ठेवली आहे. त्यांचा रस्ता निराळा, आणि त्यावर निराळे लिहायला हवे.

१९७२ साली हे खेळ जर्मनीतल्या हायडेलबर्ग इथे झाले आणि तिथे मुरलीकांत पेटकर यांनी ५० मीटर मुक्त शैली पोहण्यात सुवर्णपदक मिळवले. भारताचे ते पहिले पॅरालिम्पिक सुवर्ण. पेटकर पेठ-इस्लामपूरचे, म्हणजे निपाणीहून कोल्हापूर ओलांडले की जवळच. लष्करात मुष्टियोद्धे होते, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचे बळ गेले, आणि सात वर्षांनी त्यांनी ते अंतर ३७.३३ सेकंदांत कापले. तो जागतिक विक्रम होता. आबा पाय बसवून घरी आले होते ते त्याच सुमाराला. पेटकरांचे नाव आमच्या घरात कोणी काढल्याचे मला आठवत नाही. आबांच्या कानावर ते कधी गेले नसावे. गेले असते तरी उपयोग नव्हता, हे मला फार उशिरा समजले. तोवर मुख्य स्पर्धा मज्जारज्जूच्या दुखापतीच्या खेळाडूंसाठीच होत्या. हात-पाय गमावलेल्यांना आणि अंधांना त्यांत जागा मिळाली ती १९७६ साली टोरांटोत. आणि आजच्या पॅरालिम्पिकमध्येही कुस्ती नाहीच. ज्युदो आहे, पण तो दृष्टिबाधितांसाठी. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जोडी जुळवणाऱ्या आबांना आपल्या तोडीचा गडी कुठे मिळाला असता, असा विचार कधी कधी मनात येतो आणि मी तो पुढे नेत नाही. पेटकरांना पद्मश्री मिळाली २०१८ साली, सुवर्णपदकानंतर ४६ वर्षांनी. तेव्हा वर्तमानपत्रातला त्यांचा फोटो मी कापून ठेवला.

दरवाजे उघडत गेले तसे गट वाढले आणि गटांबरोबर वादही वाढले. सुरुवातीला डॉक्टर इजा पाहून गट ठरवत. पण तेच निदान असलेले दोघे पाण्यात किंवा धावपट्टीवर सारखे नसतात, म्हणून हळूहळू तो खेळ खेळताना शरीर प्रत्यक्ष काय करू शकते हे पाहिले जाऊ लागले. १९८९ साली आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समिती स्थापन झाली आणि वेगवेगळ्या अपंगत्वांच्या संघटनांचे विखुरलेले काम एका छत्राखाली आले. आज पात्रतेचे दहा प्रकार आहेत. अॅथलेटिक्समध्ये धावण्या-उड्यांच्या गटांना टी आणि फेकीच्या गटांना एफ हे अक्षर आणि पुढे आकडा असतो: ११ ते १३ दृष्टिबाधित, ४५ आणि ४६ हातांचे, पन्नाशीतले आकडे बसून खेळणाऱ्यांचे. दोन पायांच्या लांबीतला फरक हाही त्या दहांतला एक प्रकार आहे. कमरेच्या हाडापासून घोट्यापर्यंत टेप लावून तो मोजतात, आणि अॅथलेटिक्ससाठी तो किमान ७ सेंटीमीटर असावा लागतो.

हे मोजमाप कोरडे वाटेल, क्वचित क्रूरही. टोकियोत २०२१ च्या ऑगस्टमध्ये सीमा सुरक्षा दलातून आलेल्या विनोद कुमार यांनी थाळीफेकीत कांस्य जिंकले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा निकाल रद्द झाला, कारण फेरतपासणीत ते त्या गटात बसत नाहीत असे ठरले. ती बातमी वाचून मला दिवसभर चैन पडले नाही. एखाद्याला 'तू पुरेसा अपंग नाहीस' असे सांगून पदक काढून घ्यायचे, हे ऐकवत नाही. तरी दुसरी बाजू मी विसरू शकत नाही. सिडनीत २००० साली बौद्धिक अपंगांच्या बास्केटबॉलमध्ये स्पेनचा संघ जिंकला आणि त्या १२ जणांतल्या १० जणांना कोणतेही अपंगत्व नव्हते हे उघडकीस आले. त्याची शिक्षा बौद्धिक अपंगत्व असलेल्या जगभरातल्या खऱ्या खेळाडूंनी भोगली; २०१२ च्या लंडनपर्यंत त्यांच्या स्पर्धाच पॅरालिम्पिकमधून गेल्या. त्या पुढाऱ्याचा भाचा आणि हा संघ यांत मला फार अंतर दिसत नाही. जोड लावणाऱ्याने हयगय केली की नुकसान होते ते प्रामाणिकपणे लंगोट लावून उभ्या राहिलेल्या पोराचे.

१९८४ साली भीमराव केसरकर यांनी भालाफेकीत रौप्य मिळवले, जोगिंदर सिंग बेदी यांनी तीन पदके आणली, आणि त्यानंतर २० वर्षे भारताला एकही पॅरालिम्पिक पदक नव्हते. आपण त्या खेळाडूंकडे पाहिलेच नाही, असे मला वाटते. शाली मात्र वाटत राहिलो. २०१२ मध्ये लंडनला आमच्याच कर्नाटकातल्या हासन जिल्ह्याच्या गिरीशा यांनी उंच उडीत रौप्य जिंकले तेव्हा वर्गात फळ्यावर मी त्यांचे नाव लिहिले होते. टोकियोत १९ पदके आली, पॅरिसला २०२४ मध्ये २९. पॅरिसची एक स्पर्धा मी मोबाइलवर शेवटपर्यंत पाहिली. सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्याचे सचिन खिलारी, गोळाफेक, एफ ४६. लहानपणीच्या अपघाताने त्यांचा डावा हात अधू झालेला. वर्तुळातून फिरत ते गोळा सोडत आणि पडद्यावर आकडा येई. त्यांची सर्वोत्तम फेक १६.३२ मीटर, कॅनडाच्या ग्रेग स्टुअर्ट यांची १६.३८. सहा सेंटीमीटर. माझ्या करंगळीएवढे अंतर. रौप्य मिळाले म्हणून आम्ही आनंदलो, पण खिलारींच्या चेहऱ्यावर मला त्या सहा सेंटीमीटरची हळहळ दिसली आणि ती पाहून मला विलक्षण बरे वाटले. कोणी त्यांना उत्तेजनार्थ काही दिले नव्हते. ते एका माणसाच्या मागे आणि बाकी सगळ्यांच्या पुढे होते, आणि किती मागे, किती पुढे, ते टेपने ठरले होते.

फेब्रुवारीत मी पुन्हा त्या गावी गेले. एका शिक्षकांनी शर्यतीचे चित्रीकरण मोबाइलवर केले होते, ते त्या मुलीला आणि तिच्या आईला बाजूला बसवून पाहिले. दुसऱ्यांदा पाहताना सापडले: टाळ्यांच्या गजरात ती रेषा ओलांडते आणि तिच्या मागून, पोटात कळ आल्यासारखी कमरेवर हात ठेवून, आणखी एक मुलगी येते, जिच्याकडे कोणाचेच तोंड नाही. "सहावी," मी म्हणाले. "सातांत सहावी." मुलीने मान डोलावली, तिला ते आधीच माहीत होते. आईने पिशवीतून अपंगत्वाचे कार्ड काढून दाखवले. त्यावर ४५ टक्के लिहिले होते. बसच्या पासासाठी ते कामी येते, असे त्या म्हणाल्या. स्पर्धेत असे टक्के धरत नाहीत, तिथे वेगळे तपासतात, तपासणारी माणसे शिकलेली असतात, हे मी जमेल तसे समजावले. तिच्या पायांतला फरक ७ सेंटीमीटर भरेल की नाही हे मला सांगता येणार नव्हते आणि तसे मी सांगितलेही. मुलगी ऐकत होती. मग तिने विचारले, "माझा टाइम किती लागला?"

वेळ कोणीच घेतली नव्हती. शाळेत स्टॉपवॉच नव्हते. चित्रीकरण शर्यत निम्मी झाल्यावर सुरू झालेले. मोबाइलवर वेळ घेता येते, आत्ताच घेऊ, असे मी म्हणाले. ते शिक्षक उत्साहाने उठले, पण रेषेपाशी जाऊन थबकले आणि म्हणाले की हे मैदान आम्ही पावलांनी मोजले होते. शेजारच्या घरी गवंडीकाम चालू होते, तिथून ३० मीटरची टेप मागून आणली. सुटायच्या जागी तिने शून्याचे टोक आपल्या सरळ पावलाखाली धरले आणि मी दुसरे टोक घेऊन चालत गेले. ३० वर खूण केली, पुन्हा ३०, पुन्हा ३०. फक्कीची जुनी रेषा अजून पुसट दिसत होती. ती आली ८९ वर.

"अकरा कमी हाय," ती तिकडून ओरडली आणि काठीने पुढची रेघ ओढायला निघाली.